किती किलो उतरवायचे?

८६, ५७, ३४, ७ आणि ०. टाइप २ मधुमेहाबद्दल घरात, दवाखान्यात आणि व्हॉट्सअॅपवर जे काही बोलले जाते, त्याची सुरुवात या पाच आकड्यांपासून व्हावी असे मला मनापासून वाटते. स्कॉटलंड आणि इंग्लंडच्या टाइनसाइड भागातल्या ४९ फॅमिली डॉक्टरांच्या दवाखान्यांत 'डायरेक्ट' नावाची चाचणी झाली. न्यूकॅसलचे रॉय टेलर आणि ग्लासगोचे माइक लीन हे तिचे प्रमुख. पहिल्या वर्षाचे निकाल डिसेंबर २०१७ मध्ये 'द लॅन्सेट'मध्ये आले. भाग घेणाऱ्यांचा मधुमेह सहा वर्षांच्या आतला होता आणि कोणीही इन्सुलिनवर नव्हते. त्यांतल्या निम्म्या लोकांच्या साखरेच्या आणि रक्तदाबाच्या गोळ्या डॉक्टरांच्या देखरेखीखाली बंद केल्या आणि तीन ते पाच महिने त्यांना दिवसाला सुमारे ८५० कॅलरींचे, मोजून तयार केलेले पेय आणि सूप एवढेच दिले. मग हळूहळू नेहमीचे अन्न सुरू केले. उरलेल्या निम्म्यांना नेहमीचेच उपचार.

वर्षाने दोन्ही गटांतल्या सगळ्यांचे वजन आणि साखर शेजारी शेजारी मांडली. १५ किलो किंवा त्याहून जास्त उतरवलेल्यांपैकी ८६ टक्क्यांची तीन महिन्यांची सरासरी साखर, म्हणजे एचबीएवनसी, एकही गोळी न घेता ६.५ च्या खाली होती. १० ते १५ किलो उतरवलेल्यांत हे प्रमाण ५७ टक्के, ५ ते १० किलोंत ३४ टक्के, ५ किलोंच्या आत ७ टक्के. ज्यांचे वजन वाढले, त्यांच्यातला एकही नाही. औषधाविना साखर अशी आटोक्यात राहण्याला डॉक्टर रेमिशन म्हणतात. एखाद्या आजारात इतकी स्वच्छ, पायरी-पायरीने उतरणारी आकडेवारी क्वचितच हाती येते.

पण हेच आकडे पुढेही वाचले पाहिजेत. १५ किलोंची पायरी गाठणारे आहाराच्या गटात २४ टक्केच होते. त्या गटात पहिल्या वर्षी एकूण रेमिशन ४६ टक्के, नेहमीच्या उपचारांच्या गटात ४ टक्के. दुसऱ्या वर्षी पहिल्या गटातले प्रमाण ३६ टक्क्यांवर आले. पाच वर्षांपर्यंत पाठपुराव्यात राहिलेल्यांपैकी अजूनही रेमिशनमध्ये होते १३ टक्के. वजन परत आले तशी साखर परत आली. म्हणून 'मधुमेह कायमचा घालवा' अशी पाटी लावणाऱ्यावर विश्वास ठेवू नये आणि 'मधुमेह म्हणजे जन्माची गोळी, दुसरे काही नाही' असे सांगणाऱ्यावरही नाही.

वजनाचा आणि साखरेचा संबंध एवढा थेट कसा? टेलर यांनीच २०११ मध्ये अवघ्या ११ रुग्णांवर एक छोटा अभ्यास प्रसिद्ध केला होता. आठ आठवडे, दिवसाला सुमारे ६०० कॅलरी. उपाशीपोटीची साखर पहिल्या सात दिवसांतच जवळपास नेहमीच्या पातळीला आली. यकृतातली चरबी आठ आठवड्यांत १२.८ टक्क्यांवरून २.९ वर, स्वादुपिंडातली ८ वरून ६.२ वर. यकृत चरबीने भरले की ते इन्सुलिनचे ऐकत नाही आणि रात्रभर रक्तात साखर सोडत राहते. 'रात्री काहीच खाल्ले नाही, तरी सकाळची साखर १६० कशी?' हा प्रश्न प्रत्येक मधुमेही विचारतो. उत्तर यकृतात आहे. हीच चरबी स्वादुपिंडात साठते तेव्हा इन्सुलिन बनवणाऱ्या पेशी मंदावतात. सुरुवातीच्या वर्षांत त्या जाग्या होऊ शकतात, दहा-बारा वर्षांनी बहुतेकांच्या होत नाहीत. डायरेक्टमध्ये सहा वर्षांची मर्यादा घातली होती, ती यासाठीच.

इथे आपल्याकडचा माणूस म्हणेल, आणि बरोबरच म्हणेल, की पंधरा किलो उतरवायला माझ्या अंगावर आहेत कुठे? डायरेक्टमधल्या लोकांचे सरासरी वजन शंभर किलोंच्या आसपास होते. आपला मधुमेही ६५ किलोंचा, हातपाय काटकुळे, पोट तेवढे शर्टाच्या बटणांवर ताण देणारे.

या शरीराचा अभ्यास जगात सगळ्यात बारकाईने झाला तो पुण्यात. केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांचे एक छायाचित्र २००४ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये आले. दोघांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाचा आकडा, अगदी सारखा, २२.३. शरीरातील चरबी मात्र युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिक यांची २१.२ टक्के. बीएमआयच्या मापाने दोघे सारखेच, आतून एकाच्या शरीरात दुपटीहून जास्त चरबी. पुण्याजवळच्या सहा खेड्यांत १९९३ पासून केईएमने गरोदर बायका आणि त्यांच्या मुलांचा जो अभ्यास चालवला, त्यात हे जन्मापासूनच दिसले. तिथल्या बाळांचे सरासरी वजन २.७ किलो, इंग्लंडमधल्या साउदॅम्प्टनच्या बाळांचे ३.५. आपली बाळे स्नायूंनी आणि पोटातल्या अवयवांनी बरीच लहान, पण पाठीवरच्या कातडीखालची चरबी त्या मानाने राखून असलेली. मधुमेह झालेल्याला 'तूच खाऊन खाऊन ओढवून घेतलास' म्हणणाऱ्यांनी हे आकडे जरूर पाहावेत. दोष देण्याआधी आईच्या गरोदरपणातल्या ताटात काय होते, तेही विचारावे.

म्हणूनच भारतीयांसाठी डॉक्टरांनी २००९ मध्ये पट्टी बदलली. बीएमआय २३ च्या पुढे जास्त वजन, २५ च्या पुढे लठ्ठपणा. कंबर पुरुषांची ९० सेंटिमीटर, बाईची ८० सेंटिमीटरच्या आत. पाच फूट पाच इंच उंचीचा, ६५ किलोंचा माणूस जागतिक तक्त्यात 'नॉर्मल' ठरतो, आपल्या तक्त्यात नाही. अशांना किती किलो उतरवावे लागतील? न्यूकॅसलच्याच चमूने 'रीट्यून' नावाच्या अभ्यासात २१ ते २७ बीएमआयचे, म्हणजे दिसायला सडपातळ असे २० मधुमेही घेतले. सरासरी ६.५ टक्के वजन उतरले आणि वीसपैकी १४ जण रेमिशनमध्ये गेले. ६५ किलोंच्या माणसाचे ६.५ टक्के म्हणजे सव्वाचार किलो. वीसच माणसे, तीही ब्रिटनमधली, त्यामुळे हा आकडा डोळे मिटून इथे लावता येणार नाही. तरी दिशा स्पष्ट आहे. प्रत्येकाच्या शरीराची चरबी सामावण्याची मर्यादा वेगळी. ती ओलांडली की मधुमेह, तिच्या खाली आले की सुटकेची शक्यता. आपली मर्यादा खालच्या पातळीवर आहे, त्यामुळे आपण लवकर आजारी पडतो. पण त्याच हिशोबाने आपल्याला उतरायचेही कमी असते. केस पेपरवर साखरेचे आकडे दर वेळी लिहिले जातात. वजनाचा रकाना अनेकदा रिकामा आणि कंबरेच्या घेराला तर रकानाच नसतो. माझी खरी तक्रार इथे आहे.

वजन न उतरताही काही साधते का? साधते, आणि त्याचा पुरावा भारतातलाच आहे. चेन्नईच्या डॉ. ए. रामचंद्रन यांनी २००६ मध्ये मधुमेहाच्या उंबरठ्यावरच्या, म्हणजे प्रीडायबेटिक, अशा ५३१ लोकांवरचा अभ्यास प्रसिद्ध केला. नुसताच नेहमीचा सल्ला मिळालेल्यांपैकी तीन वर्षांत ५५ टक्क्यांना मधुमेह झाला. आहार आणि चालण्याचा नेमाने पाठपुरावा केलेल्या गटात ३९.३ टक्क्यांना, मेटफॉर्मिन ही गोळी दिलेल्या गटात ४०.५ टक्क्यांना. वजन फारसे हलले नव्हते, तरी धोका चौथ्या हिश्शाहून जास्त घटला. अमेरिकेतल्या तशाच, २००२ च्या मोठ्या चाचणीत नुसताच नेहमीचा सल्ला आणि औषध नसलेली गोळी दिलेल्या गटातला आकडा तीन वर्षांत २९ टक्के होता. आपल्याकडे तो ५५. 'बॉर्डरवर आहे, काळजी नाही' हे वाक्य आपल्या देशात कोणी उच्चारू नये, ते या दोन आकड्यांमुळे. आयसीएमआर-इंडियाब या देशव्यापी पाहणीच्या २०२३ मधल्या अहवालानुसार देशात १०.१ कोटी मधुमेही आणि १३.६ कोटी प्रीडायबेटिक आहेत. मधुमेहाच्या प्रमाणात गोवा पहिला, २६.४ टक्के. गोव्यातला दर चौथा प्रौढ माणूस.

आता ताट. भारतीयांच्या एकूण कॅलरींपैकी सुमारे ६२ टक्के कर्बोदकांतून येतात, असे इंडियाबनेच मोजले आहे. त्याच अभ्यासाच्या १८ हजार लोकांच्या नोंदींवरून २०२२ मध्ये एक गणित मांडले गेले: नव्या मधुमेहींना रेमिशनची चांगली शक्यता हवी तर कर्बोदके ४९ ते ५४ टक्के आणि प्रथिने १९ ते २० टक्के असावीत. टक्केवारीत बोलले की कोणाला काही कळत नाही, म्हणून स्वयंपाकघरातला तराजू घेऊन बसू.

मध्यम आकाराच्या ज्वारीच्या भाकरीला साधारण ६० ग्रॅम पीठ लागते. राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०१७ च्या तक्त्यांनुसार १०० ग्रॅम ज्वारीत ६८ ग्रॅम कर्बोदके आणि १० ग्रॅम प्रथिने असतात, म्हणजे एका भाकरीत ४१ आणि ६. दोन भाकऱ्यांची ८१ ग्रॅम कर्बोदके झाली. त्यावर मूठभर, म्हणजे ५० ग्रॅम तांदळाचा भात: आणखी ३९. वाटीभर पातळ वरणात २५ ग्रॅम तूरडाळ, तिची १४. चमच्याएवढी भाजी, ५. एकूण १३९ ग्रॅम कर्बोदके, २३ ग्रॅम प्रथिने, फोडणीच्या तेलासकट ७८० कॅलरी. कर्बोदकांचा वाटा ७१ टक्के, प्रथिनांचा १२. हे जेवण कोणी अरबट-चरबट म्हणणार नाही. साखर नाही, मैदा नाही, तळण नाही. 'मी तर साधेच जेवतो' म्हणणाऱ्याचे ताट नेमके असेच असते, आणि जेवणानंतरची साखर २२० आली की तो हबकतो.

आता त्याच ताटात फेरफार. एक भाकरी. भात नाही. वरण दाट, डाळ ५० ग्रॅम. भाजी दुप्पट. एक वाटी दही. कर्बोदके ८३ ग्रॅमवर आली, प्रथिने होती तेवढीच राहिली, किंबहुना ग्रॅमभर वाढली. कॅलरी ५७५. कर्बोदकांचा वाटा ५८ टक्के, प्रथिनांचा १७. अंडे किंवा मासळी चालणाऱ्याने त्यात भर घातली की तो इंडियाबच्या पट्ट्यात पोचलाच. एका जेवणात २०० कॅलरी वाचल्या, दोन्ही वेळा पाळले तर ४००. शरीरातली एक किलो चरबी म्हणजे ढोबळमानाने ७,७०० कॅलरी. कागदावर महिन्याला दीड किलो होते. प्रत्यक्षात शरीर जुळवून घेते, लग्नकार्ये येतात, म्हणून एक किलो धरा. सव्वाचार किलो म्हणजे चार-पाच महिने.

भाकरीबद्दल एक गोष्ट ठासून सांगायला हवी. ज्वारी-बाजरीत १०० ग्रॅममागे १० ते ११ ग्रॅम चोथा असतो, पांढऱ्या तांदळात तीनाच्या आत. भाकरी भातापेक्षा चांगलीच. पण गव्हाच्या आट्यातही चोथा ११ ग्रॅम आहे, आणि ३० ग्रॅम पिठाच्या फुलक्यात १९ ग्रॅमच कर्बोदके असतात. 'भाकरीने शुगर वाढत नाही' म्हणत तीन भाकऱ्या खाल्ल्या तर ज्वारी काही करू शकत नाही. उपवासाच्या साबुदाण्याचे तर बोलायलाच नको. तो जवळजवळ निव्वळ पिष्ट आहे.

दिवसातून दोनदाच जेवण्याची पद्धत महाराष्ट्रात डॉ. श्रीकांत जिचकारांच्या व्याख्यानांतून आणि पुढे डॉ. जगन्नाथ दीक्षितांच्या प्रचारातून घरोघरी पोचली. मधल्या वेळची बिस्किटे, फरसाण आणि साखरेचा चहा त्यातून गळाला, ही मोठीच गोष्ट. दिवसातून चार चहा, प्रत्येकात दोन चमचे साखर, हा १६० कॅलरींचा हिशोब आहे. त्या पद्धतीने वजन उतरत असेल तर जरूर करावी. मात्र ग्लिमेपिराइडसारखी गोळी किंवा इन्सुलिन घेणाऱ्याने डॉक्टरांना न विचारता एकही जेवण गाळू नये. ही औषधे जेवण झाले की नाही हे पाहत नाहीत. साखर ७० च्या खाली जाऊन घाम, थरथर, बेशुद्धीपर्यंत वेळ येते. ८५० कॅलरींचा आहारही घरच्या घरी करून पाहण्याची गोष्ट नाही.

गोळ्यांकडे वळायचे तर आपल्याकडे त्यांच्याविषयी एक अढी असते. 'गोळी लागली' म्हणजे हरलो, 'गोळी सुटली' म्हणजे जिंकलो. आकडे असे बोलत नाहीत. ब्रिटनमध्ये १९७७ पासून वीस वर्षे चाललेल्या यूकेपीडीएस अभ्यासात ५,१०२ नवे मधुमेही होते. १९९८ चे निकाल: एचबीएवनसी ७.९ ऐवजी ७ वर ठेवले तर डोळे, मूत्रपिंडे यांच्या बारीक रक्तवाहिन्यांचे नुकसान २५ टक्क्यांनी कमी. जास्त वजनाच्या ज्या रुग्णांना मेटफॉर्मिन दिले, त्यांच्यात मृत्यूच ३६ टक्क्यांनी कमी. काही रुपयांची, १९५७ पासून वापरात असलेली गोळी. ती वर्षानुवर्षे घेणाऱ्याने, विशेषतः शाकाहाऱ्याने, बी-१२ तपासत राहावे, एवढेच पथ्य.

साखर गोळ्यांनी कितीही खाली ओढली म्हणजे चांगले, असेही नाही. अमेरिकेतल्या 'अकॉर्ड' चाचणीत १०,२५१ रुग्ण होते. ज्यांचे एचबीएवनसी ६ च्या खाली नेण्याचा आटापिटा केला, त्या गटात मृत्यू २२ टक्क्यांनी जास्त झाले आणि फेब्रुवारी २००८ मध्ये तो भाग थांबवावा लागला. सत्तरीतल्या, हृदयविकार असलेल्या आजोबांचे लक्ष्य आणि अडतिशीतल्या नव्या मधुमेहीचे लक्ष्य एक असू शकत नाही.

नव्या औषधांनी तर हिशोबच बदलला आहे. एम्पाग्लिफ्लोझिन आणि डापाग्लिफ्लोझिन या गोळ्या दिवसाला ६० ते ८० ग्रॅम साखर लघवीवाटे बाहेर टाकतात. २०१५ च्या चाचणीत हृदयविकार असलेले ७,०२० मधुमेही होते; त्यांतल्या ज्यांना एम्पाग्लिफ्लोझिन दिले, त्यांच्यात हृदयविकाराने होणारे मृत्यू ३८ टक्क्यांनी घटले. भारतात डापाग्लिफ्लोझिनचे पेटंट ऑक्टोबर २०२० मध्ये संपले, एम्पाग्लिफ्लोझिनचे मार्च २०२५ मध्ये, आणि दोन्हींच्या किमती झपाट्याने उतरल्या. ज्यांना या गोळ्या पूर्वी परवडत नव्हत्या, त्यांनी आता डॉक्टरांकडे पुन्हा विचारणा करायला हवी.

आठवड्याच्या इंजेक्शनांचा बोलबाला सध्या फार आहे, आणि तो अगदीच फुकाचा नाही. २०२१ च्या एका चाचणीत ४० आठवड्यांत टिर्झेपटाइड या इंजेक्शनच्या मोठ्या डोसने मधुमेहींचे वजन ११.२ किलोंनी आणि एचबीएवनसी २.३ अंकांनी उतरले. सेमाग्लुटाइड या दुसऱ्या इंजेक्शनच्या १ मिलिग्रॅमने ५.७ किलो आणि १.८६. मात्र मधुमेहींचे वजन इतरांपेक्षा कमी उतरते: सेमाग्लुटाइडच्या वजन उतरवण्यासाठीच्या डोसने मधुमेह नसलेल्यांचे १४.९ टक्के, मधुमेहींचे ९.६ टक्के. औषध बंद केल्यावर मधुमेह नसलेल्यांतही वर्षभरात उतरलेल्या वजनाचा दोन तृतीयांश भाग परत आला. टिर्झेपटाइड भारतात मार्च २०२५ मध्ये आले तेव्हा सुरुवातीच्या डोसची एक कुपी ३,५०० रुपयांना होती, आठवड्याला एक. त्या भावाने महिन्याला १४,००० रुपये कायमचे काढू शकणारी घरे किती, हे सांगायला अभ्यास लागत नाही. ज्यांना परवडते आणि गरज आहे त्यांनी लाजू नये. ज्यांना परवडत नाही त्यांनी आपले दार बंद झाले असेही समजू नये. पहिल्या सहा वर्षांतला सडपातळ मधुमेही त्या सव्वाचार किलोंचा हिशोब ताटातूनही जमवू शकतो.

वजनाची बाजू घेताना एक आकडा लपवणे योग्य होणार नाही. अमेरिकेच्या 'लुक अहेड' चाचणीत ५,१४५ मधुमेहींपैकी निम्म्यांनी पहिल्या वर्षी ८.६ टक्के वजन उतरवले आणि जवळपास दहा वर्षे प्रयत्न चालू ठेवले. हृदयविकाराचे झटके आणि पक्षाघात तरीही दुसऱ्या गटापेक्षा कमी झाले नाहीत. गोळ्या कमी लागल्या, साखर सुधारली, हृदयाचा हिशोब मात्र वेगळा राहिला. त्यासाठी रक्तदाब आणि कोलेस्टेरॉल स्वतंत्रपणे सांभाळावे लागतात. भारतात मधुमेह माहीत असलेल्यांपैकी साखर आटोक्यात असणारे ३६.३ टक्के, रक्तदाब ४८.८, वाईट कोलेस्टेरॉल ४१.५. तिन्ही एकदम आटोक्यात असणारे फक्त ७.७ टक्के. साखरेची गोळी सुटल्याच्या आनंदात रक्तदाबाची आणि कोलेस्टेरॉलचीही गोळी परस्पर बंद करणारे लोक असतात. त्यांनी हा शेवटचा आकडा डोळ्यांसमोर ठेवावा.

एचबीएवनसीवरही आंधळा भरवसा नको. ७ म्हणजे सरासरी साखर १५४, ८ म्हणजे १८३, ९ म्हणजे २१२, असे ते गणित आहे. पण ते लाल पेशींच्या आयुष्यावर बेतलेले. लोह कमी असेल तर आकडा खोटाच वर जातो, आणि देशात १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के बायकांना पंडुरोग आहे. बाईचा रिपोर्ट वाचताना हिमोग्लोबिनही शेजारी हवे. ज्याची साखर औषधाविना ६.५ च्या खाली आली आहे, त्यानेही निदान वर्षातून एकदा एचबीएवनसी, डोळ्यांचा पडदा, लघवीतले अल्ब्युमिन आणि पायांची संवेदना तपासून घ्यावी, आणि त्याच कागदावर त्या दिवशीचे वजन आणि कंबरेचा घेर लिहून ठेवायला सांगावे.